काटेसावरीचा चुलतभाऊ विमान होतो!

बालमित्रांनो, फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातून एसटीने जाताना खिडकीबाहेर बघा. पानं झडलेल्या एका काटेरी झाडावर लालभडक फुलं दिसतील. तीच काटेसावर. कुणी तिला नुसतं सावर म्हणतं, कुणी सेमल. उन्हाळ्यात तिची बोंडं फुटतात आणि कापूस वाऱ्यावर उडू लागतो. तिचं लाकूड मऊ नि हलकं. दारा-खिडक्यांसाठी ते कुणी घेत नाही. ते जातं आगकाड्यांना, नाहीतर खोक्यांना. सागाच्या मुलखात सावरीला कोण विचारणार?

पण या सावरीचा एक चुलतभाऊ दूर दक्षिण अमेरिकेत राहतो, बरं का! त्याचं नाव बाल्सा. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोघं एकाच कुळातले. आणि हा चुलतभाऊ चक्क आकाशात उडतो! त्याच्या पातळ पट्ट्या जोडून जगभरातली मुलं (आणि मोठी माणसंसुद्धा) विमानं बनवतात आणि जमिनीवर उभं राहून रेडिओच्या लहरींनी ती चालवतात. खोक्यातल्या लाकडी तुकड्यांचं विमान कसं होतं, ते आज पाहू या.

हलकं म्हणजे किती हलकं?

१० सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद आणि १ सेंटिमीटर जाड अशी फळी डोळ्यांसमोर आणा. ती सागाची असेल तर वजन भरेल साधारण ६५ ग्रॅम. सावरीची असेल तर ३५ ग्रॅमच्या आसपास. आणि बाल्साची? फक्त १५ ग्रॅम! तेवढ्याच आकारमानाचं पाणी १०० ग्रॅम भरतं.

असं का? जिवंत बाल्साच्या पेशी मोठ्या, पातळ भिंतींच्या आणि पाण्याने टम्म फुगलेल्या असतात. झाड कापून लाकूड भट्टीत वाळवलं की पाणी निघून जातं. मागे राहतात पातळ भिंती आणि हवा. आपल्या आलापल्लीच्या सागाला मोठं व्हायला कितीतरी दशकं लागतात. बाल्सा मात्र सहा-आठ वर्षांतच तोडायला येतो. सगळ्यात जास्त बाल्सा पिकतो इक्वेडोर या देशात.

'बाल्सा' हा स्पॅनिश शब्द. अर्थ तराफा. १९४७ मध्ये थोर हेयरडाल हा नॉर्वेचा संशोधक बाल्साच्या ओंडक्यांच्या 'कॉन-टिकी' नावाच्या तराफ्यावरून पेरूहून निघाला आणि १०१ दिवसांनी पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशियाच्या बेटांपाशी पोचला. दुसऱ्या महायुद्धातलं 'मॉस्किटो' हे इंग्रजांचं विमानही लाकडी होतं. त्याच्या धडाला आत-बाहेर प्लायवूडचे पातळ थर होते आणि मधे बाल्सा. सँडविचच म्हणा ना!

खेळण्यातून सुरुवात

१८७१ मध्ये आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने पॅरिसच्या एका बागेत पीळ दिलेल्या रबराने चालणारं छोटं विमान उडवून दाखवलं. ते ११ सेकंद हवेत राहिलं. फक्त ११! पण पेनोने रबरावर उडणारं आणखी एक खेळणं बनवलं होतं. तशाच प्रकारचं एक खेळणं १८७८ मध्ये अमेरिकेतल्या एका वडिलांनी आपल्या दोन मुलांसाठी आणलं. ते कशाचं होतं सांगू? बांबू, बुचाचं लाकूड आणि कागद! त्या मुलांची नावं विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. पुढे १९०३ मध्ये माणूस बसलेलं इंजिनाचं विमान उडवलं ते यांनीच. आपल्या अंगणातला बांबू कुठवर पोचला पाहा!

दुरून यंत्र चालवायची कल्पनाही जुनी आहे. १८९५ मध्ये आपल्या जगदीशचंद्र बसूंनी कोलकात्यात, मधे कोणतीही तार न ठेवता, दूरची घंटा वाजवून दाखवली. १८९८ मध्ये निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कला छोटी होडी रेडिओने चालवली. आणि १९३७ मध्ये वॉल्टर आणि विल्यम गुड या अमेरिकन भावांनी रेडिओने चालणारं मॉडेल विमान यशस्वीपणे उडवलं. 'गफ' नावाचं ते विमान आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयाकडे आहे.

खोकं उघडल्यावर

किटचं खोकं उघडलं की पहिल्यांदा थोडी निराशाच होते. विमान कुठे आहे? आत असतात बाल्साचे पातळ तक्ते, काही प्लायवूडचे तुकडे, तारा, बिजागऱ्या आणि घडी घातलेला एक मोठा आराखडा. हा आराखडा विमानाच्या खऱ्या मापाचा असतो. तो सपाट पाटावर पसरायचा, वर पारदर्शक प्लॅस्टिक लावायचं म्हणजे गोंद कागदाला चिकटत नाही, आणि त्याच्यावरच विमान जोडायचं. गादीवर किंवा ओबडधोबड जमिनीवर जोडलेला पंख पिळवटतो. असं विमान हवेत सारखं एका बाजूला कलतं.

पंख कसा असतो? माशाचा सांगाडा आठवा. मधे एक लांब दांडी. तिला म्हणतात स्पार. तिच्यावर ओळीने बसवलेल्या पातळ फासळ्या. पुढची कड गोलसर, मागची निमुळती. धडात चौकटी आणि त्यांना जोडणाऱ्या लांब पट्ट्या.

इथे लाकडाची पारख लागते. एकाच खोक्यातल्या दोन पट्ट्यांचं वजन वेगळं असू शकतं. हाताने हळूच वाकवून पाहायचं. कडक पट्टी स्पारला, सगळ्यात हलकी शेपटीला. डाव्या आणि उजव्या पंखाला सारख्याच वजनाचं लाकूड. तंतू फासळीच्या लांबीच्या दिशेने हवेत, आडवे नकोत. कामट्या काढणाऱ्या बुरुडाला विचारा, तो बांबू हातात घेतल्याबरोबर सांगेल की तंतू कुठे धरतील आणि कुठे तुटतील. तीच ही विद्या.

गोंद दोन-तीन प्रकारचा लागतो. पांढरा गोंद सावकाश वाळतो, म्हणून तुकडा सरकवून नीट बसवायला वेळ मिळतो. झटपट चिकटणारा गोंद बोटंसुद्धा चिकटवतो आणि त्याची वाफ डोळ्यांना झोंबते, तेव्हा खिडकी उघडी ठेवायची. ब्लेड चालवताना मोठं माणूस जवळ हवं. पॉलिशपेपरने घासताना नाकावर रुमाल बांधायचा. बाल्साची धूळ फार बारीक असते.

आणि पावसाळा? आपल्याकडच्या सर्द हवेत पातळ लाकूड वाकतं. म्हणून जोडलेले भाग पाटावर टाचण्या लावूनच वाळू द्यायचे आणि तक्ते सपाट वजनाखाली ठेवायचे.

सांगाडा तयार झाला की त्यावर उष्णतेने आकसणारी रंगीत फिल्म चढवतात. गरम इस्त्री फिरवली की ती ढोलकीच्या कातड्यासारखी ताणली जाते. पूर्वी पातळ कागद लावून त्यावर 'डोप' नावाचं रोगण देत असत.

आतला मेंदू आणि स्नायू

तुमच्या हातात असतो ट्रान्समीटर. विमानात असतो रिसीव्हर. तुम्ही दांडी हलवली की ट्रान्समीटर रेडिओ लहरींमधून निरोप पाठवतो आणि रिसीव्हर तो सर्व्होला सांगतो. सर्व्हो म्हणजे काड्यापेटीहून लहान मोटर. ती तारेने पंखाची झडप हलवते. पंखावरच्या झडपा म्हणजे एलेरॉन. त्यांनी विमान कलतं. शेपटीवरच्या आडव्या झडपेने (एलेव्हेटर) नाक वर-खाली होतं आणि उभ्या झडपेने (रडर) नाक डावी-उजवीकडे वळतं. पंखा फिरवायची मोटर वेगळी. ती बॅटरीवर चालते.

ही बॅटरी लिथियमची असते. ती फुगली, टोचली गेली किंवा जास्त चार्ज झाली तर पेट घेऊ शकते. म्हणून चार्जिंगला लावून बाहेर खेळायला जायचं नाही. मे महिन्यात चंद्रपूरला बंद गाडीत तर ती ठेवायचीच नाही.

दहा ग्रॅमचे चाळीस ग्रॅम!

आता एक गणित. विमानाचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते एक तृतीयांश रुंदीवर असावा लागतो. पंख २० सेंटिमीटर रुंद असेल, तर पुढच्या कडेपासून ५ ते ६ सेंटिमीटरवर. तिथे दोन्ही बाजूंनी बोटं टेकवून विमान उचललं, तर ते आडवं राहिलं पाहिजे.

समजा, शेपटीवर १० ग्रॅम गोंद जास्त सांडला. शेपूट तोलाच्या जागेपासून ६० सेंटिमीटर लांब आहे आणि नाक २० सेंटिमीटर. मग तोल साधायला नाकात किती वजन घालावं लागेल? ६० गुणिले १० भागिले २०, म्हणजे ३० ग्रॅम! गोंद सांडला दहा ग्रॅमचा, पण विमानाला ओझं झालं चाळीस ग्रॅमचं. आणि तोल साधला नाही तर? शेपूट जड असलेलं विमान नाक वर करतं, वेग गमावतं आणि कोसळतं.

या एकेका ग्रॅमचं मोल जाणणारा एक माणूस होता मेनार्ड हिल. अमेरिकेचा. त्याला रेडिओने चालणारं मॉडेल विमान अटलांटिक महासागरापार पाठवायचं होतं. नियमाप्रमाणे इंधनासकट वजन ५ किलोच्या आत हवं होतं. पहिले प्रयत्न फसले. तोवर हिल ७७ वर्षांचा झाला होता, त्याला ऐकू कमी येई आणि दृष्टी जवळजवळ गेली होती. बाल्सा तो बोटांनी चाचपून घडवायचा. ९ ऑगस्ट २००३ रोजी त्याचं विमान कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावरून सुटलं. किनाऱ्यापाशी ते रेडिओने चालवलं, समुद्रावर मात्र आतल्या स्वयंचलित यंत्रणेने ते आपली वाट धरून राहिलं. सुमारे ३००० किलोमीटर उडून, जवळजवळ ३९ तासांनी ते आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलं!

उडवताना

पहिलं विमान पंख वर असलेलं, सावकाश उडणारं घ्यावं. उडवण्याआधी विमानाच्या मागे उभं राहून तपासायचं. दांडी उजवीकडे केली की उजवा एलेरॉन वर गेला पाहिजे. उलटं असेल तर उडवायचं नाही!

खरी गंमत हवेत होते. विमान तुमच्यापासून दूर जात असतं तेव्हा उजवं ते उजवं. पण ते वळून तुमच्याकडे येऊ लागलं की डावं-उजवं उलटं होतं. आरशात पाहून भांग पाडताना होतो तसाच गोंधळ. यावर युक्ती अशी की, विमान समोरून येत असेल तर जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्या बाजूला दांडी न्यायची. तो पंख वर उचलला जातो.

आपल्याकडे धान कापल्यावर, लाखोळी पेरली नसेल असं रिकामं शेत चांगलं. बांधांमुळे धावपट्टी मिळत नाही, म्हणून मोठ्या माणसाने विमान हातातून सोडायचं. वेळ सकाळची, वारा पडलेला असतो तेव्हाची. उन्हाळ्याच्या दुपारी नको. तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढते आणि वावटळी उठतात. घारीला त्यात मजा वाटते, नव्या पायलटला नाही!

नियमही लक्षात ठेवा. भारताच्या २०२१ च्या ड्रोन नियमांत अशी विमानंसुद्धा येतात. आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे भाग नकाशावर दाखवलेले असतात. पिवळ्या आणि लाल भागात परवानगीशिवाय उडवता येत नाही. ताडोबा आणि इतर अभयारण्यं, भद्रावतीचा आयुध कारखाना, चंद्रपूरचं वीज केंद्र, मोरव्याची विमानपट्टी यांच्या जवळपास जायचं नाही. आधी गावच्या पोलिसांना विचारायचं. विजेच्या तारा आणि माणसांची गर्दी यांपासून दूर राहायचं. विमान कायम डोळ्यांना दिसलं पाहिजे.

किट नसेल तर?

"गुरुजी, एवढे पैसे कुठून आणायचे?" असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. किट, रेडिओ, बॅटरी हे सगळं महाग पडतं. दुकानंही मोठ्या शहरांत. पण तोलाचं शास्त्र शिकायला पैसे लागत नाहीत. हे करून पाहा:

३० सेंटिमीटर लांब, हलकी, सरळ बांबूची कामटी घ्या. जाड कार्डशीटचा ३० बाय ६ सेंटिमीटरचा पंख कापा. त्याला लांबीच्या दिशेने किंचित बाक द्या, मधोमध दुमडून दोन्ही टोकं २-२ सेंटिमीटर वर उचला. पंखाची पुढची कड कामटीच्या नाकापासून ८ सेंटिमीटरवर येईल असा तो चिकटवा. मागच्या टोकाला १० बाय ४ ची आडवी शेपटी आणि वर एक लहान उभी शेपटी. नाकावर ओल्या मातीचा गोळा. पंखाच्या पुढच्या कडेपासून २ सेंटिमीटरवर तोल येईपर्यंत माती कमी-जास्त करा. आडव्या शेपटीची मागची कड अगदी थोडी वर वळवा. आता हलकेच, समोर सरळ सोडा. नाक वर करून आपटलं तर माती वाढवा. सरळ खाली घुसलं तर कमी करा. प्रत्येक वेळी काय बदललं ते वहीत लिहा.

पुढे हायस्कूल-कॉलेजात गेलात की एनसीसीची हवाई शाखा आहे. नागपूरला तिचं पथक आहे. तिथे एरोमॉडेलिंग शिकवतात आणि देशभरातल्या छात्रांच्या वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धा होतात. आणि छंद कुठवर नेऊ शकतो पाहायचंय? मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीला घराच्या गच्चीवर माणसं बसू शकतील असं सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं.

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. दोन महिने खपून जोडलेलं विमान पहिल्याच दिवशी दहा सेकंदांत जमिनीत घुसू शकतं. मूल रडेल. त्या वेळी "पैसे वाया गेले" असं म्हणू नका. तुकडे गोळा करायला त्याच्याबरोबर शेतात वाका. बाल्सा मोडतो तसा जोडताही येतो. कुठे मोडलं, का मोडलं, हे टेबलावर दोघांनी मिळून पाहिलं, तर दुसरं उड्डाण पहिल्यापेक्षा लांब जातं.

मग मुलांनो, कामटी आणि कार्डशीट शोधायला लागा. तुमचं विमान किती पावलं उडालं, ते आम्हाला पत्राने जरूर कळवा!