रोजची रेघ

चित्रकला ही उपजत देणगी, असे म्हणून आपण पुष्कळदा पेन्सिल खाली ठेवतो. परंतु हात कसा तयार होतो हे पाहावयाचे असेल, तर आपल्याच जिल्ह्यातील अजिंठ्याकडे पाहावे. तेथील चित्रकारांनी गिलाव्यावर आधी गेरूची रेघ काढली, मग रंग भरले आणि शेवटी आकार पुन्हा रेषेने पक्का केला. पहिली रेघ ही अखेरची नव्हेच.

याच भिंतींसमोर बसून, १८७२ ते १८८५ या काळात, मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली प्रतिकृती केल्या. त्यांतील कित्येक १८८५ साली लंडनमध्ये आगीत जळाल्या. मग श्रम वाया गेले काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्या विद्यार्थ्यांपैकी पेस्तनजी बोमनजी पुढे नामांकित चित्रकार झाले. चित्रे जळाली, पण हाताला लागलेले वळण गेले नाही.

आपणही एक साधी वही घ्यावी. पाणचक्कीचा वड किंवा मकबऱ्याचा मिनार निवडावा. एकदा तो सावकाश काढावा, एकदा दोन मिनिटांत, आणि एकदा घरी येऊन आठवणीने. आठवणीचे चित्र जेथे अडते, तेथे आपण नीट पाहिलेले नसते. दुसऱ्या दिवशी तेच पाहावे. कधी पेन्सिलीऐवजी शाईत बुडविलेली काडी वापरावी. खोडरबर दूर ठेवावे, पानावर तारीख घालावी. चुकलेली रेघ तशीच राहिली, तरच पुढची कोठे सुधारली हे कळते.

पुढील वसंतात आपण पुन्हा जमू, तेव्हा ती वही भरलेली असावी, एवढीच आमची विनंती.