घटस्फोट, मुलांचा ताबा आणि पोटगी

कायदा आणि न्यायालय
घटस्फोटाच्या हुकूमनाम्याने पती-पत्नीचे नाते संपते. पालक आणि अपत्य यांचे नाते संपत नाही. कौटुंबिक कायद्यातील बहुतेक गुंतागुंत या फरकातून येते. हिंदू, बौद्ध, जैन व शीख विवाहांना १९५५ चा हिंदू विवाह अधिनियम, तर नोंदणी पद्धतीच्या विवाहांना १९५४ चा विशेष विवाह अधिनियम लागू होतो. मुस्लिम, ख्रिस्ती व पारशी यांचे कायदे वेगळे आहेत आणि गोव्याची नागरी संहिता स्वतंत्र आहे. खाली मुख्यतः हिंदू विवाह अधिनियमाचा विचार केला आहे. १९८४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कौटुंबिक न्यायालयांवर निकालाआधी समेटाचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य आहे. म्हणून प्रकरण प्रथम विवाह समुपदेशकाकडे जाते.

परस्परसंमती
किमान एक वर्ष विभक्त राहिलेले दांपत्य कलम १३-ब खाली संयुक्त अर्ज करू शकते. त्यानंतर सहा महिन्यांनी, पण अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी संमती पुन्हा नोंदवायची असते. ही सहा महिन्यांची प्रतीक्षा माफ होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग प्रकरणात ठरवले. मात्र पोटगी, ताबा आणि इतर वाद आधी खऱ्या अर्थाने मिटलेले असावे लागतात.

एकतर्फी अर्ज
क्रूरता, व्यभिचार, दोन वर्षांचा परित्याग अशी कारणे येथे पुराव्याने सिद्ध करावी लागतात. ‘संसार पुन्हा उभा राहणे अशक्य’ हे कारण अधिनियमात नाही. संविधानाच्या अनुच्छेद १४२ खाली त्या आधारे विवाह संपवण्याचा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे, हे २०२३ च्या शिल्पा शैलेश निकालाने स्पष्ट केले.

ताबा
मूल कोणाकडे राहणार, याचा निर्णय पालकांच्या हक्कांवरून नव्हे, मुलाच्या हितावरून होतो. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमानुसार पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहते. ‘सामान्यतः’ म्हणजे नेहमीच नव्हे. शाळा, घरातील वातावरण, देखभालीला मिळणारा वेळ, भावंडांची सोबत हे सारे तपासले जाते. मूल समजत्या वयाचे असेल तर न्यायाधीश दालनात त्याच्याशी बोलतात; त्याची इच्छा विचारात घेतली जाते, पण तीच अखेरची ठरत नाही.

भेटीचे वेळापत्रक
ताबा नसलेल्या पालकाला भेटीचा हक्क मिळतो. आदेश जितका नेमका, तितके तंटे कमी. ‘सोयीनुसार भेट’ असे लिहिले की दर शनिवारी नवा वाद उभा राहतो. त्याऐवजी पहिला व तिसरा शनिवार सकाळी दहा ते सायंकाळी सहा, मे महिन्याच्या सुटीचा अर्धा भाग, दिवाळी आलटून पालटून, मूल कोठे सोपवायचे आणि फोन किती वाजता, असे सारे कागदावर असावे.

मुलांचा निर्वाहखर्च
हा खर्च मुलाचा हक्क आहे. एकरकमी तडजोड करून आई-वडील तो सोडून देऊ शकत नाहीत. पत्नीची पोटगी आणि मुलाचा खर्च यांचा हिशेबही म्हणूनच वेगळा मांडणे योग्य. रकमेचे ठरावीक सूत्र नाही. रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या निकालापासून दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता, कर्जे व मासिक खर्च यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. वेतनपत्रके, बँकेचे उतारे आणि प्राप्तिकर विवरणे यांमुळे लपवाछपवी कठीण होते. आई कमावती असेल तर भार प्रमाणात वाटला जातो. निर्वाहखर्च अर्जाच्या तारखेपासून मिळतो. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील निर्वाहखर्चाविषयीच्या कलम १२५ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. रक्कम थकवल्यास वसुलीचे वॉरंट निघते आणि कारावासही होऊ शकतो. कारावास भोगल्याने थकबाकी फिटत नाही.

दोन्ही आदेश स्वतंत्र
भेट मिळत नाही म्हणून पैसे थांबवणे किंवा पैसे थकले म्हणून भेट अडवणे, दोन्ही बेकायदा. प्रत्येक तक्रारीसाठी वेगळा अर्ज आहे. सूड मात्र मुलावरच उगवला जातो, हे येथे स्पष्ट म्हणायला हवे.

बदल आणि मर्यादा
हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खालील ताबा व निर्वाहखर्चाचे आदेश कायमचे गोठलेले नसतात. नोकरी गेली, शाळेचा खर्च वाढला, मूल मोठे झाले, तर घटस्फोटानंतरही ते बदलून घेता येतात. परदेशस्थ कुटुंबांचा प्रश्न अधिक बिकट आहे. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत सहभागी नाही. त्यामुळे परदेशातील न्यायालयाचा ताब्याचा आदेश येथे आपोआप लागू होत नाही. उच्च न्यायालय मुलाच्या हिताची चौकशी नव्याने करते.