चुलीचा वैल आणि वीजकेंद्राची चिमणी

जुन्या स्वयंपाकघरात चुलीला लागूनच वैल असे. चुलीवर भाकऱ्या होत आणि तिच्या पोटातून पलीकडे जाणारी झळ वैलावरचे दूध किंवा आमटी गरम ठेवी. वैलासाठी वेगळे सरपण लागत नसे. निघून चाललेल्या उष्णतेकडून जाता जाता आणखी एक काम करून घ्यायचे, एवढेच त्यामागचे शास्त्र. कोळशावरच्या वीजकेंद्रातही प्रश्न हाच असतो, पण तिथे वैल किती मोठा करावा याला मर्यादा आहे. ती मर्यादा समजून घेण्याजोगी आहे.

चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रात आहेत तसा ५०० मेगावॅटचा एक संच डोळ्यांसमोर आणू. भट्टीतले तापलेले वायू आधी पाण्याची वाफ करतात, मग त्या वाफेला आणखी तापवतात. त्यानंतर त्यांच्या वाटेत दोन वैल येतात. पहिला इकॉनॉमायझर. त्यात बॉयलरला जाणारे पाणी आधीच तापते. इंग्लंडमधल्या वेकफिल्डच्या एडवर्ड ग्रीन यांनी १८४५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. दुसरा एअर प्रीहीटर. स्वीडनच्या फ्रेड्रिक ल्युंगस्ट्रॉम यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याला फिरत्या चाकाचे रूप दिले. या चाकातले पत्रे एका बाजूला धुराने तापतात आणि दुसऱ्या बाजूला भट्टीकडे जाणाऱ्या हवेला ती ऊब देतात. इथे साधारण ३५० अंश सेल्सिअसचा धूर १३० ते १५० अंशांपर्यंत उतरतो आणि चिमणीकडे निघतो.

उरलेली ऊब थोडी नसते. धूर २० ते २२ अंशांनी आणखी थंड करून ती उष्णता भट्टीच्या हवेला देता आली, तर बॉयलरची कार्यक्षमता सुमारे एक टक्क्याने वाढते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. पूर्ण भारावर असा संच दिवसाला सात-आठ हजार टन कोळसा जाळतो. त्यातला एक टक्का म्हणजे रोज रेल्वेच्या एका वाघिणीपेक्षा जास्त कोळसा.

मग ही ऊब सोडून का देतात? कारण कोळशातले गंधक. ते जळून सल्फर डायऑक्साइड होतो, त्यातल्या थोड्या भागाचा सल्फर ट्रायऑक्साइड बनतो आणि धुरातल्या पाण्याच्या वाफेशी मिळून सल्फ्युरिक आम्ल तयार होते. पहाटे गवतावर दव पडते, तसे हे आम्ल थंड पत्र्यांवर साचते. पाण्याचे दव धुरात ५० अंशांच्या आसपास पडते. आम्लाचे मात्र कोळशानुसार १०० ते १४० अंशांच्या पट्ट्यातच पडू लागते. मग पत्रे गंजतात आणि ओलसर राख चिकटून धुराची वाट तुंबते. म्हणून चिमणीकडे जाणारा धूर मुद्दाम गरम ठेवलेला असतो.

दुसरी मर्यादा निसर्गनियमाची. फ्रेंच अभियंता सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये दाखवले, की उष्णतेचे काम तिच्या तापमानातल्या फरकावर ठरते. १४० अंशांच्या उष्णतेतून आदर्श यंत्रालाही जेमतेम पावपट काम मिळते. त्यामुळे ही ऊब टर्बाइनकडून परतणाऱ्या पाण्याला दिली, तर लाभ होतो. पण वाचवलेली सगळी उष्णता वीज होऊन हाती येत नाही.

तरीही वाटा निघाल्या आहेत. जर्मनीत कोलोनजवळच्या नीडरआउसेम केंद्रात गंधक धुण्याच्या यंत्रणेआधीच धुरातली ऊब काढून घेण्याची सोय केली गेली. जपानने १९९० च्या दशकापासून धूर सुमारे ९० अंशांपर्यंत थंड करून मगच राख पकडणाऱ्या विद्युत-यंत्रात सोडायला सुरुवात केली. धुरातली राखच आम्ल शोषून घेते, म्हणून गंज आटोक्यात राहतो. शिवाय थंड धूर कमी जागा व्यापतो आणि राखेचा विद्युतरोधही घटतो, त्यामुळे राख अधिक पकडली जाते.

आपल्याकडच्या कोळशात गंधक कमी, साधारण अर्धा टक्का, पण राख ३० ते ४५ टक्के. त्यामुळे आम्लाची भीती कमी, पण राखेने नळ्या झिजण्याची भीती जास्त. तरीही चंद्रपूरकरांच्या दृष्टीने दुसरा लाभ पहिल्यापेक्षा मोठा ठरू शकतो: वाचलेली वाघीण हिशेबाच्या वहीत दिसेल, पकडलेली राख श्वासात जाणार नाही.

नवा वैल बांधण्याआधी जुना तपासणे मात्र स्वस्त पडते. फिरत्या चाकाच्या कडेच्या पट्ट्या झिजल्या, की गार हवा थेट धुरात शिरते. तापमापक कमी अंश दाखवतो आणि ऊब परत मिळाली असे वाटते. प्रत्यक्षात धुरात फक्त गार हवा मिसळलेली असते आणि पंख्यांना जास्त वीज लागते. म्हणून तापमानाबरोबर धुरातला ऑक्सिजनही मोजावा लागतो.

एक वाघीण वाचली म्हणून उरलेला कोळसा स्वच्छ होत नाही. वैलाने सरपण वाचते, चुलीचा धूर संपत नाही. पण जोवर चूल पेटती आहे, तोवर वैल रिकामा ठेवणे आपल्याला परवडणारे नाही.