उमेदवारीची वर्षे

खासबागेत गोल्फचे मैदान नाही. येथे आहेत ते माग. तरीही ७ ऑगस्ट २०२१ च्या सकाळी, ज्या खेळाचे नियम आपणांपैकी बहुतेकांना धड ठाऊक नाहीत, त्या खेळाकडे साऱ्या देशाबरोबर या सीमाभागाचेही डोळे लागले होते. बंगळूरची अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये तीन फेऱ्यांअखेर दुसऱ्या स्थानावर होती. अवघ्या एका फटक्याने तिचे कांस्यपदक हुकले. याच बेळगावचे बंडू पाटील १९६४ साली टोकियोहूनच हॉकीचे सुवर्ण जिंकून आले होते, हे आम्हांस तेव्हा आठवल्यावाचून राहिले नाही.

अदितीचे भाग्य मात्र विरळा. २०१६ च्या प्रारंभी ती व्यावसायिक झाली आणि त्याच वर्षी भारतीय खुली स्पर्धा जिंकून युरोपीय महिला दौऱ्यावर विजयी होणारी पहिली भारतीय ठरली. इतरांची वाट लांबची असते. म्हैसूरच्या प्रणवी उर्सने प्रथम देशांतर्गत महिला दौऱ्यावर उमेदवारी केली. पूना क्लब किंवा चेंबूरचे बॉम्बे प्रेसिडेन्सी अशा मैदानांवर हा दौरा फिरतो. प्रेक्षक मूठभर, वृत्तपत्रांत चार ओळी. (त्या चार ओळींचा दोष आमच्याकडेही येतो.) तेथे अनेक विजेतेपदे मिळवून ती २०२३ च्या हांगझौ आशियाई स्पर्धेत अदितीसमवेत खेळली आणि २०२४ मध्ये युरोपच्या दौऱ्यावर उतरली.

युरोप-अमेरिकेतही असे दुय्यम दौरे आहेत; अमेरिकेतील १९८१ पासूनचा. वर्षअखेरीस अग्रभागी असलेल्या मोजक्या जणींनाच वरच्या दौऱ्यावर प्रवेश मिळतो. पहिल्या काही फेऱ्यांनंतर गुणांची रेषा आखली जाते. जी एका फटक्याने रेषेबाहेर राहिली, तिला बहुतेक ठिकाणी दमडीही मिळत नाही. प्रवास, निवास व कॅडी यांचा खर्च मात्र झालेलाच असतो, आणि पुढच्या आठवड्यात दुसरे गाव गाठावयाचे असते.

खासबागच्या विणकरास हा हिशेब उलगडून सांगावा लागणार नाही. साडी मागावरून उतरते, तेव्हा नाव विणकराचे होते. घरात बसून कांड्या भरणाऱ्या बाईच्या श्रमाची नोंद कोणत्या वहीत असते? टोकियोत अदितीच्या काठ्यांची पिशवी तिच्या आईनेच सांभाळली होती.

गोल्फ हा धनिकांचा खेळ, त्याची चिंता आपण का वाहावी, असे कोणी म्हणेल. आक्षेप खोटा नाही. पण पैसा घरचाच हवा, अशी व्यवस्था राहील तोवर हा खेळ धनिकांचाच राहणार. पदक गळ्यात पडल्यावर कोट्यवधींची बक्षिसे जाहीर करण्यास सरकारे विसरत नाहीत. त्यातील अल्पसा वाटा उमेदवारीच्या वर्षांतील प्रवासखर्चासाठी आधीच बाजूला काढावा, आणि तो गोल्फपुरताच नव्हे, तर बेळगाव-निपाणीतून कुस्ती वा हॉकीसाठी घराबाहेर पडणाऱ्या मुलींनाही मिळावा.