परवाना मिळाला, पुढे काय?

वैमानिकाचा परवाना हाती आला की नोकरी दाराशी उभी, असा आपल्याकडे समज आहे. मुलाला त्यासाठी अमेरिकेस पाठवू पाहणाऱ्या वाचकांकरिता आम्ही तेथील छोट्या मालवाहू कंपन्यांची रीत सांगत आहोत.

फेडेक्सची मोठी जेट विमाने माल मोठ्या शहरांत उतरवतात. तेथून लहान गावी पार्सले नेण्याचे काम ठेकेदार कंपन्या करतात. ट्रकचा माल टेम्पोने पोचवावा तसे. विमान बहुधा एका इंजिनाचे सेस्ना कॅरव्हॅन, वैमानिक एकटा. सकाळी जायचे, दिवसभर थांबायचे, संध्याकाळी माल घेऊन परतायचे.

आता हिशेब पाहू. तेथे व्यावसायिक परवाना साधारण 250 तासांच्या उड्डाणावर मिळतो. पण ढगांतून उपकरणांच्या आधारे असे विमान नेण्यास किमान 1200 तास लागतात. मोठ्या एअरलाइन्सना 2013 पासून सामान्यतः 1500. मधले तास बहुतेक तरुण नवशिक्यांना शिकवून भरतात. म्हणजे कालच्या शागिर्दाने आधी उस्ताद व्हायचे! ही उमेदवारीच, कमाई बेताची, अनुभव पक्का.

खरी अडचण पुढे आहे. शिक्षणाच्या व्हिसावर गेलेल्याला तेथे नोकरीची परवानगी आपोआप मिळत नाही. आणि भारतात उडवायचे तर येथील परवाना वेगळा घ्यावा लागतो.

म्हणून दुकान गहाण टाकून व्याजाचे कर्ज काढण्यापूर्वी, परवान्यानंतरच्या रिकाम्या काळाचा खर्चही वहीत मांडा, एवढेच आमचे सांगणे.