फाईल बिघडलेली नसते

7 सप्टेंबर 2019 रोजी चंद्रावर कोसळलेल्या विक्रम लँडरचा माग पहिल्यांदा काढला तो चेन्नईच्या षण्मुग सुब्रमण्यम या इंजिनिअरने. ‘नासा’च्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर या यानाने 17 सप्टेंबरला त्या परिसराची छायाचित्रे टिपली होती. 26 तारखेला ती सर्वांसाठी खुली झाली. सुब्रमण्यम यांनी ती उतरवून घेतली आणि त्याच जागेच्या जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिली. त्यांना सापडलेला अवशेष त्या छायाचित्रात होता अवघा एक पिक्सेल, म्हणजे चंद्रभूमीवरचा 1.3 मीटरचा चौकोन. पुढच्या महिन्यांतल्या छायाचित्रांवरून खातरजमा करून ‘नासा’ने डिसेंबरमध्ये त्यांना श्रेय दिले. मुख्य आघाताची जागा तिथून साधारण 750 मीटरवर निघाली.

नेहमीच्या फोटोंसारखे अशा छायाचित्राचे जेपेग करताना प्रतिमेचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडतात आणि त्यांतला बारीक तपशील गाळून फाईल हलकी करतात. डोळ्याला फरक जाणवत नाही. पण अशा गाळणीत एकटा उजळ पिक्सेल शेजाऱ्यांत मिसळून जाऊ शकतो. वैज्ञानिक प्रतिमांच्या फाईली आपल्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये सहजी उघडत नाहीत, त्यामागे असा तपशील जपण्याची गरज हे एक कारण आहे. त्या मुळात पाहण्यासाठी नसतात, मोजण्यासाठी असतात.

प्रयोगशाळेत मात्र हे कुणी समजावून सांगत नाही. विद्यार्थी सूक्ष्मदर्शकावर दिवसभर बसून प्रतिमा घेतो, पेनड्राइव्हवर घालून खोलीवर नेतो, आणि लॅपटॉपवर एक तर फाईल उघडतच नाही, नाहीतर उघडते ती काळीकुट्ट. मग ‘सर, फाईल करप्ट आहे’ असा निरोप जातो. बहुतेक वेळा फाईल धडधाकट असते.

काळ्या प्रतिमेचेच पाहा. सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा अनेकदा 12 बिटचा असतो. तो उजेडाच्या 4,096 पायऱ्या ओळखतो, शून्य ते 4,095. हे आकडे साठवले जातात 16 बिटच्या टिफ फाईलमध्ये, जिथे 65,535 पर्यंत जागा असते. साधा फोटो व्ह्यूअर 65,535 ला पांढरे धरतो. त्या हिशेबाने तुमचा सर्वांत लखलखीत ठिपकाही जेमतेम सहा टक्के उजळ ठरतो. पडद्याच्या 256 पायऱ्यांपैकी सोळाव्या पायरीवर. पेशी तिथेच असतात, फक्त दिसत नाहीत. हीच फाईल इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टच्या खिडकीतले ‘ऑटो’ दाबा, प्रतिमा समोर येते. त्याच खिडकीतल्या ‘अप्लाय’ला मात्र हात लावू नका. ‘ऑटो’ने फक्त दाखवण्याची पद्धत बदलते, ‘अप्लाय’ने पिक्सेलमधले आकडेच बदलतात, आणि अशी प्रत मूळ फाईलवर सेव्ह झाली की मोजमाप गेलेच.

फाईल उघडतच नसेल तर पुष्कळ जण नावापुढचे एक्स्टेन्शन बदलून पाहतात. हळदीच्या डब्यावर साखरेची चिठ्ठी लावली म्हणून आतली हळद गोड होत नाही. खरी ओळख फाईलच्या पहिल्या काही बाइटमध्ये असते, आणि फाईलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या कोणत्याही हेक्स व्ह्यूअरमध्ये ती दिसते. साध्या टिफच्या सुरुवातीला ‘आय’ किंवा ‘एम’ हे रोमन अक्षर दोनदा येते आणि लगेच 42 हा आकडा. दवाखान्यातल्या सीटी-एमआरआयच्या डायकॉम फाईलमध्ये 128 बाइट सोडल्यावर ‘डीआयसीएम’ ही चार अक्षरे सापडतात. खगोलशास्त्रातली फिट्स फाईल ‘सिम्पल’ या शब्दाने सुरू होते. झाइस कंपनीच्या सूक्ष्मदर्शकाची सीझेडआय फाईल ZISRAWFILE या रोमन अक्षरांनी सुरू होते. कुलशील असे कळले की वाचणारे सॉफ्टवेअर शोधणे सोपे जाते.

सूक्ष्मदर्शकांच्या जगात गोंधळ सर्वांत जास्त, कारण जवळजवळ प्रत्येक कंपनीने आपापला प्रकार काढला आहे. त्यावर बायो-फॉरमॅट्स हा मोफत उतारा आहे. दीडशेहून अधिक प्रकार तो वाचतो आणि इमेजजेच्या फिजी या आवृत्तीत आयताच मिळतो. खगोलशास्त्रज्ञांनी हा प्रश्न फार आधी सोडवला. 1981 मध्ये फिट्सचे वर्णन छापून आले आणि जगभरच्या वेधशाळांनी ते स्वीकारले. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण आपल्या नोंदी स्वतःच्या एलटीए प्रकारात ठेवते, पण त्यांचे फिट्स करून देणारा प्रोग्रॅमही सोबत पुरवते. घरचा प्रकार वापरायचा तर बाहेरचे दारही आपणच बसवून द्यायचे, ही रीत मला अगदी योग्य वाटते.

कधी अडचण निव्वळ आकाराची असते. चेन्नईतच, आयआयटी मद्रासच्या सुधा गोपालकृष्णन ब्रेन सेंटरने डिसेंबर 2024 मध्ये ‘धरणी’ हा गर्भाच्या मेंदूचा त्रिमितीय नकाशासंग्रह जगासाठी मोफत खुला केला. मेंदूचे 5,132 छेद पेशी दिसतील इतक्या बारकाईने त्यासाठी टिपले आहेत. अशा कामात एकेक प्रतिमा केवढी होते याचा हिशेब करून पाहा. तीन सेंटिमीटर बाजूचा छेद अर्ध्या मायक्रॉनला एक पिक्सेल या दराने टिपला, तर प्रत्येक बाजूला 60,000 पिक्सेल. एकूण 360 कोटी, आणि प्रत्येकाला रंगांचे तीन बाइट म्हणजे दहा गिगाबाइटच्या वर. साध्या टिफची मर्यादा चार गिगाबाइट आहे, कारण आतले पत्ते 32 बिटचे असतात. म्हणून मोठ्या फाईलींसाठी बिगटिफ हा प्रकार आला, म्हणूनच प्रतिमा लहान-लहान तुकड्यांत आणि कमी-जास्त बारकाव्याच्या अनेक थरांत साठवतात. पाहणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये तो पाहत असलेला तुकडाच उतरतो. अशी फाईल घरच्या लॅपटॉपवर डबल क्लिक करून उघडायला गेलात तर लॅपटॉप गोठणारच.

सगळ्यांत मोठे नुकसान होते ते कंटाळून स्क्रीनशॉट घेतल्याने. 4,096 पायऱ्यांच्या 256 होतात, आणि एक पिक्सेल म्हणजे किती मायक्रॉन, कोणते भिंग, किती वेळ उजेड घेतला, ही फाईलमधली नोंद पुसली जाते. मग त्या चित्रावरून पेशीचा आकारही खात्रीने सांगता येत नाही. पाच वर्षांनी कुणी शंका काढली तर दाखवायला काय उरते?

मूळ फाईल जशीच्या तशी दोन ठिकाणी ठेवा, तिच्यावर काहीही सेव्ह करू नका. काम करायला ओएमई-टिफसारख्या खुल्या प्रकारात वेगळी प्रत काढा आणि मोजपट्टीचा आकडा तिच्यात आला का ते स्वतः तपासा. आणि विभागप्रमुखांना एक विनंती: कोट्यवधींचा सूक्ष्मदर्शक सार्वजनिक पैशातून घेताना निविदेत एक अट घाला, की यंत्रातली प्रतिमा सर्व नोंदींसह खुल्या प्रकारात बाहेर काढता आली पाहिजे. यंत्र बसल्यावर ही मागणी कंपनीच्या मर्जीवर राहते. खरेदीआधी ती तुमच्या हातात असते.