जहाजाच्या टाकीतलं पाणी आणि बुडबुड्यांचा मारा

नाशिकची द्राक्षं न्हावा-शेवाहून युरोपला निघतात, तेव्हा बागायतदाराचा जीव कंटेनरचं तापमान आणि फवारणीच्या रेसिड्यूच्या अहवालात अडकलेला असतो. पण बंदरात जहाजावर माल चढतो तसं काही उतरतही असतं. हलक्या जहाजाचा तोल राहावा म्हणून टाक्यांत समुद्राचं पाणी घेतलेलं असतं, आणि वजन वाढलं की ते सोडावं लागतं. या बॅलास्ट पाण्यातून दूरदेशीचे जीवाणू, शैवाल, शिंपल्यांच्या अळ्या आपल्या किनाऱ्यावर येतात. मायटिलोप्सिस हा मूळचा अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यांवरचा शिंपला जहाजांबरोबर येऊन मुंबई आणि विशाखापट्टणमच्या बंदरांत कायमचा वस्तीला राहिला. एकदा रुजलेला असा जीव समुद्रातून उपटून काढणं जवळपास अशक्य.

क्लोरीननं हे जीव मरतात, पण ते क्लोरीनचं पाणी पुन्हा समुद्रातच जायचं. अतिनील किरण मुंबईसारख्या गढूळ पाण्यात फार आत शिरत नाहीत. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतले प्रा. अनिरुद्ध पंडित, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत असलेले विवेक रानडे आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत असलेले ए. सी. अनिल यांनी म्हणूनच वेगळी वाट धरली.

पंपानं ढकललेलं पाणी भोकं पाडलेल्या चकतीतून जाताना वेग घेतं आणि त्याचा दाब कोसळतो. दाब पुरेसा उतरला की पाणी न तापवताही उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे धरतात. चकतीपलीकडे दाब परत चढताच ते मिटतात. त्या निमिषात, त्या सूक्ष्म जागी, हजारो अंशांचं तापमान आणि शेकडो वातावरणांचा दाब तयार होतो. अळ्यांची कवचं फाटतात, पेशी फुटतात, पाण्यातूनच जंतुनाशक मूलकं निघतात. बुडबुडे धरण्या-मिटण्याचा हा प्रकार, म्हणजे कॅव्हिटेशन, जहाजांच्या पंख्यांचा धातू खातो; त्याच छळामुळे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1917 मध्ये मिटणाऱ्या बुडबुड्याचं गणित मांडलं होतं. शत्रूलाच कामाला जुंपण्याची ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

अडचण आहे ती आकारमानाची. मोठी जहाजं तासाला शेकडो, कधी हजारो घनमीटर पाणी हलवतात. 2017 मध्ये अमलात आलेल्या बॅलास्ट पाण्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराची अट कडक आहे: 50 मायक्रॉन किंवा त्याहून मोठे जिवंत जीव घनमीटरला 10 पेक्षा कमी हवेत. बारीक जीवाणू तर पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांपेक्षा (प्राणिप्लवकांपेक्षा) चिवट. शिवाय गाळणीची जोड लागते, आणि चकतीतून पाणी रेटायला पंपाची जादा ताकदही.

पंडितांच्या प्रयोगशाळेनं हीच पद्धत बोअरवेलच्या पाण्यावरही वापरून पाहिली. तिथे ओझोनबरोबर कॅव्हिटेशन दिलं की ओझोनची मात्रा कमी पुरते, असं दिसलं. बोअरच्या पाण्यावर तहान भागवणाऱ्या आपल्या गावांना समुद्रासाठीचं हे संशोधन म्हणूनच परकं नाही.